नेकबख्तची उर्दू

मेलबर्नच्या विमानतळावर माझं वालाचं बी गेलं. वसईतल्या आमच्या वाडीच्या पापडीचं बी, वडिलांच्या जुन्या रुमालात बांधून नेलेलं. माझ्या मावसबहिणीने, फ्लोरीने, परसात लावायला मुद्दाम मागवलं होतं. खाण्यापिण्याचं, झाडापाल्याचं काही आहे का, असं तिथल्या मुलीने विचारलं आणि मी रुमाल काढून दाखवला. तिने एक दाणा उजेडात धरला, "सॉरी, लव्ह" म्हणाली, बी पिंपात ओतलं आणि रुमाल घडी घालून परत दिला. परक्या बियाण्याबरोबर कोणकोणती कीड देशात शिरते, हे मी वर्गात जन्मभर शिकवलं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

फ्लोरी बाहेर गाडीशी उभी होती.

"बाय, बी आणलंस?" आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाय म्हणतात.

"पिंपात गेलं."

"सांगितलंस कशाला?"

"विचारलं म्हणून."

"तू काही सुधारणार नाहीस," म्हणून तिने माझी बॅग उचलली.

फ्लोरी राहते ट्रुगानिनाला, मेलबर्नच्या पश्चिमेला. सपाट माळरान आणि त्यावर एकाच साच्यातून काढल्यासारखी घरं. छपरं करडी, दारातली झाडं माझ्या कमरेएवढी, काठीला बांधलेली. दर तिसऱ्या दाराशी तोरण दिसतं, गॅरेजच्या फटीतून फोडणीचा वास येतो, पण रस्त्यावर माणूस म्हणून नाही. जो तो गाडीत नाहीतर घरात. फ्लोरीचा मुलगा डॅरेन दारात आला, मला मिठी मारली. मी मराठीत विचारलं ते त्याला सगळं समजलं आणि त्याने सगळ्याची उत्तरं इंग्रजीत दिली. आमचं छान चाललं.

माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, बॉटनीची बी.एस्सी. वडील वाडीत केळी आणि पानवेल करायचे, आई टोपली घेऊन बाजारात बसायची. ही गोष्ट मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते आणि फ्लोरीला त्याचा कंटाळा येतो. "बाय, इथे सगळेच ग्रॅज्युएट आहेत," ती म्हणते. असतील. पहिलं असण्यातला फरक दुसऱ्याला कळत नाही.

पहिल्या शनिवारी फ्लोरीने मला डँडेनॉन्गला नेलं. शहर ओलांडून पार दुसऱ्या टोकाला. तिथे अफगाण लोकांचा बाजार आहे, आणि फ्लोरी म्हणते, एकदा तिथला पाव खाल्ला की बाकी सगळा पाव कापूस वाटतो. दुकानांच्या पाट्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या. काचेमागे सुकी तुतं (तुतीची फळं), जर्दाळू, बदाम, साखरेत घोळवलेले हरभरे. भट्टीतून निघालेले हातभर लांबीचे नान बायका धुतलेल्या कपड्यांसारखे दंडावर टाकून नेत होत्या. एका दुकानाच्या काउंटरवर पिकल्या दाढीचे गृहस्थ बसले होते. आमचं मराठी ऐकून त्यांनी हिंदीत विचारलं, "बंबई से?"

"वसई से."

"वो किधर है?"

"बंबई के ऊपर."

"बंबई के ऊपर तो आसमान होगा," ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खोकला येईस्तोवर हसले.

मी दोन नान आणि सुकी तुतं घेतली, पाकीट उघडलं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. "रहने दो, आप के क़ाबिल नहीं है." मी भारावले. परक्या मुलखात एवढा जिव्हाळा. दोनदा धन्यवाद म्हणून मी दाराकडे वळले, तेवढ्यात फ्लोरीने माझा दंड धरला.

"पैसे दे, बाय. ते म्हणायचं म्हणून म्हणतात."

"ते नको म्हणाले ना?"

"तीनदा दे. तिसऱ्यांदा घेतात."

आणि तिसऱ्यांदा त्यांनी घेतले, सुटे मोजून परत दिले, वर मूठभर हरभरे बळेच हातात कोंबले. ते मात्र खरंच फुकट होते. ओशाळून बाहेर पडताना मला वाटलं, चला, एक धडा झाला. फळबागा बघायच्या आहेत असं कळल्यावर निघताना ते म्हणाले होते, "शेपरटन जाओ. वहाँ हमारे बहुत लोग हैं. पेड़ उनका, हाथ हमारा."

शेपरटन मेलबर्नच्या उत्तरेला. शहर सुटलं की वाळलेल्या गवताचा पिवळा रंग डोळ्यांत भरतो आणि तो संपतच नाही. मग एकाएकी पाटाचं पाणी दिसतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्याच्या ओळी. पेअर, पीच, सफरचंद. झाडं तारांवर ताणून बांधलेली, शिक्षा म्हणून हात वर करून उभ्या केलेल्या पोरांसारखी. मी वाडीतली मुलगी. फळ हाताला यावं म्हणून झाड वाकवतात हे मला समजतं, तरी त्या झाडांची थोडी कीव आली. बागेत माणसं दिसत नव्हती. पानांमधून मध्येच एखादी टोपी वर यायची, पोटावर बांधलेली पिशवी दिसायची, पुन्हा पानं. जानेवारीचं ऊन असं, की गाडीची काचसुद्धा हाताला भाजत होती.

मुक्काम शेपरटनला नव्हता. फ्लोरीने तासाभरावरच्या एचुकाला मोटेल घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी मरे नदीवर वाफेच्या जुन्या बोटीतून फेरी होती आणि मग शेपरटनवरूनच परत. आम्ही इथे फक्त जेवायला थांबलो. जेवण झालं आणि फ्लोरीला कामाचा फोन आला. ती झाडाखाली गाडीत बसून बोलत राहिली, मी पाय मोकळे करायला गल्लीत शिरले.

एकमजली विटांची घरं, पुढे कापलेली हिरवळ. फक्त एका घरापुढे हिरवळ नव्हती. तिथे वाफे होते, नीट बांध घातलेले, कडेला पाण्याची चारी. माझी पावलं आपोआप थांबली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक बाई उकिडवी बसून सुरीने लांब, चपट्या, हिरव्या पाती कापत होती. कांद्याची पात नव्हे, लसणाचीही नव्हे. मी विचार न करता हिंदीत विचारलं, "ये क्या है?"

तिने वर पाहिलं. "गंदना," ती म्हणाली. मग उर्दूत, एकेक शब्द जमिनीवर ठेवल्यासारखी, "आप हमारी बात समझती हो?"

"आप ने समझी, तो मैं भी समझी."

तिने सुरी खाली ठेवली, हात झटकले आणि फाटक उघडलं. या म्हणालीच नाही. फाटक उघडून बाजूला उभी राहिली.

तिचं नाव नेकबख्त. म्हणजे चांगल्या नशिबाची. "नाम तो अच्छा रखा था," ती म्हणाली. अफगाणिस्तानातल्या हजारा जमातीची. गाव सुटल्यावर बरीच वर्षं पाकिस्तानात, क्वेट्ट्यात काढली आणि तिथल्या शेजारणींकडून व टीव्हीवरच्या मालिकांमधून उर्दू शिकली. नवरा आधी होडीतून इथे आला आणि त्याला कायम राहायची परवानगी मिळेपर्यंत ती मुलीला घेऊन तिकडे वाट पाहत राहिली. तो मांसाच्या कारखान्यात लागला. आता त्याची पाठ गेली आहे. आतल्या खोलीत तो गाद्यांना टेकून बसला होता. मला पाहून उठायला लागला, मी हातानेच नको म्हटलं, तरी तो अर्धा उठला, छातीवर हात ठेवला आणि पुन्हा टेकला.

बाहेरच्या खोलीत खुर्ची नव्हती. भिंतीलगत लाल गाद्या, मध्ये गालिचा, त्यावर तिने दस्तरखान (जेवायला अंथरतात ती लांब चादर) पसरला. वेलचीचा हिरवा चहा, तोंडात धरायला खडीसाखर, आणि त्याच गंदन्याचं सारण भरलेली गरम बोलानी (पातळ पराठ्यासारखी, तेलात भाजलेली). मी फ्लोरीला फोन करून बोलावलं. ती आली, बूट काढले, बोलानी खाल्ली आणि मला मराठीत म्हणाली, "तू दहा मिनिटांत कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरतेस."

बोलता बोलता नेकबख्तने विचारलं, "आप के ख़ानदान में सब पढ़े हैं?"

"मैं पहली," मी म्हटलं. फ्लोरीने छताकडे पाहिलं.

नेकबख्तने पेला खाली ठेवला. तिचा चेहरा असा झाला, जसं बराच वेळ शोधत असलेलं काही हाताशीच सापडलं. मग तिने सांगितलं. तिची मुलगी सकीना बारावी पास झाली आहे. मेलबर्नच्या एका विद्यापीठात तिला नर्सिंगला जागा मिळाली आहे. हो म्हणायचा उद्या शेवटचा दिवस. आणि सकीना जात नाही म्हणते. बापाचे डॉक्टर, औषधं, बँक, घरमालक, सगळीकडे तीच बोलते. घरात इंग्रजी फक्त तिला येतं. सध्या सुट्टीत ती फळांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला जाते आणि म्हणते, हेच बरं आहे.

"मेरी ज़बान बन के बैठी है," नेकबख्त म्हणाली. "मैं कहती हूँ, तू जा. ज़बान मैं ख़ुद उगा लूँगी." आणि ती बाहेरच्या वाफ्याकडे बोट दाखवून हसली. ती आठवड्यातून दोनदा इंग्रजीच्या वर्गाला जाते. मला तिने लगेच म्हणूनही दाखवलं, "गुड मॉर्निंग. नो वरीज. माय हजबंड हॅज बॅक पेन."

मग मी तिला माझ्या आईची गोष्ट सांगितली.

माझी आई निरक्षर होती. विरारच्या बाजारातून भाजीची टोपली घेऊन ती वसईच्या संध्याकाळच्या बाजाराला यायची, तेव्हा एसटीची पाटी मी वाचून द्यायचे. शाळा सुटली की मी स्टँडवर जायचे, तिला गाडीत बसवायचे. मला कॉलेजसाठी मुंबईला हॉस्टेलवर राहायचं होतं. घरातले म्हणाले, हिला गाडी कोण दाखवणार? आई म्हणाली, जा. मी गेले आणि पहिल्याच आठवड्यात ती अर्नाळ्याच्या गाडीत बसली. टोपली तशीच भरलेली, दिवेलागणीला चालत घरी आली. पण मी सुट्टीत आले तेव्हा ती मला म्हणाली, "ज्या नावाच्या शेवटच्या अक्षराला डोक्यावर तुरा, ती आपली गाडी." वसईतला ई. बाकी एकही अक्षर तिला मरेपर्यंत आलं नाही, पण गाडी पुन्हा चुकली नाही.

नेकबख्तने दोन्ही हात एकमेकांवर आपटले. "ये," ती म्हणाली. "यही बात सकीना को बोलो. मैं बोलती हूँ तो माँ बोलती है. आप बोलोगी तो बात बोलेगी."

सकीना संध्याकाळी कामावरून यायची होती. फ्लोरी घड्याळ बघत होती. मी म्हटलं, आज एचुकाला जायचं आहे, पण उद्या आम्ही याच रस्त्याने परतणार, तेव्हा सकीनाशी नक्की बोलेन. उद्या शेवटचा दिवस, म्हणजे वेळ होता. नेकबख्तने मान डोलावली. नव्या बोलान्या कागदात बांधून दिल्या आणि दारापर्यंत आली. माझा हात तिने दोन्ही हातांत धरला होता. "खाना खा के जाना था," ती म्हणाली.

"अच्छा, आती हूँ," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आती हो?"

"हाँ हाँ, आती हूँ."

तिचा सगळा चेहरा उजळला. आम्ही गाडीत बसलो तर ती मागे वळून घरात नवऱ्याला मोठ्याने काहीतरी सांगत होती. मला वाटलं, पाहुणे गेले असं सांगते आहे.

एचुकाला संध्याकाळी आम्ही नदीकाठी बसलो. मरे नदी रुंद, मातकट, घाई नसलेली. काठावरच्या निलगिरीची मुळं उघडी पडलेली, त्यांच्यावर गुलाबी पोपटांचे थवे भांडत होते. आम्ही बोलान्या खाल्ल्या. मी फ्लोरीला म्हटलं, उद्या त्या मुलीला मी कसं सांगते बघ. मी मनात वाक्यं जुळवत होते. वर्गात पाठ घ्यायच्या आदल्या दिवशी जुळवायचे तशी. सकाळी बोटीच्या फेरीत इंजिनाची राख माझ्या पांढऱ्या ब्लाउजवर पडली, ती अजून निघालेली नाही. दुपारी आम्ही शेपरटनला त्या घरापुढे गाडी लावली.

दार सकीनाने उघडलं. उंच, केस घट्ट बांधलेले, अंगात कामावरचा पिवळा टी-शर्ट. ती इंग्रजीत बोलत होती, अधूनमधून उर्दू, मी ते मराठीत लिहिते आहे.

"तुम्ही त्या आंटी," ती म्हणाली. "काल मम्मीने तुमची वाट पाहिली."

"काल? मी तर आज येणार होते."

"हो, ते तिने सांगितलं. आधी उद्या म्हणाल्या आणि मग दारात म्हणाल्या, आती हूँ. तिने पुन्हा विचारलं, तर तुम्ही पुन्हा म्हणालात. तिला वाटलं, तुमचा विचार बदलला, सामान ठेवून संध्याकाळी येताय. तिने मंतू केले." मंतू म्हणजे मोदकासारखे उकडलेले, आत खिमा. एकेक हाताने मिटायचा, पोटभर करायचे तर दुपार जाते. "शेजारच्या दोन बायकांनाही बोलावलं, शिकलेली बाई येणार म्हणून. आम्ही सगळे दस्तरखानाशी बसून राहिलो. मेहमानाच्या आधी जेवत नाहीत."

मला क्षणभर काही समजेना. मग समजलं. आपण दारातून निघताना जाते म्हणत नाही. जाते म्हणणं अशुभ. येते म्हणतो. मी आयुष्यभर प्रत्येक उंबऱ्यावर येते म्हणत आले आणि त्या दिवशी तेच हिंदीत म्हटलं. हिंदीत त्याचा अर्थ येते असाच होतो.

मी दारातच उभी राहून सकीनाला हे समजावलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. "म्हणजे जाताना तुम्ही म्हणता, येते," ती म्हणाली. "आणि खरंच यायचं असलं तर?"

"तरी येतेच म्हणतो."

"मग समोरच्याला कळतं कसं?"

"आमच्यात कळतं," मी म्हटलं.

नेकबख्त आतून आली. तोंडावर राग नव्हता, रुसवा नव्हता. तिने आम्हाला बसवलं, चहा आणला आणि कालचे मंतू वाफेवर गरम करून वर दही घालून समोर ठेवले. मी तिला सगळं पुन्हा सांगितलं. म्हटलं, चूक माझी, माझी हिंदी मराठीतून येते, शब्द हिंदी आणि मतलब मराठी.

ती मान हलवत राहिली. "नहीं, नहीं. मेरी उर्दू कच्ची है. सुन के बनी है, पढ़ के नहीं."

"आप की उर्दू में कुछ कच्चा नहीं. आप ने वही समझा जो मैंने बोला. मैंने ग़लत बोला."

"आप तो पढ़ी हुई हो," नेकबख्त म्हणाली. "आप ग़लत कैसे बोलोगी?"

मी आणखी दोनदा सांगितलं. जितकं सांगावं तितकी ती छातीवर हात ठेवून मान लववायची, आणि माझ्या लक्षात आलं की तिच्या कानांना हे सगळं सौजन्य वाटतं आहे. पाहुणी यजमानाची लाज राखते आहे. आतून नवऱ्याचा आवाज आला. सकीनाने सांगितलं, "बाबा म्हणतात, मेहमान कधी चुकत नाही."

मग मी सकीनाकडे वळले. म्हटलं, आज शेवटचा दिवस आहे ना, मी तुला एक गोष्ट सांगायला आले आहे.

"काल नाही म्हणून कळवलं," सकीना म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मम्मी आणि माझं किती दिवस हेच चाललं होतं. ती म्हणायची, तू जा, मी एकटी सांभाळीन. काल मी म्हटलं होतं, ठीक आहे, आंटी येतात म्हणतेस ना, त्या सांगतील ते ऐकेन. खरंच ऐकणार होते. मग तुम्ही आला नाहीत. शेजारणी उठून गेल्या. मी मम्मीला विचारलं, त्या नक्की काय म्हणाल्या? तिने सांगितलं. मी विचारलं, तुला खात्री आहे? आणि ती म्हणाली, आता नाही."

नेकबख्त दस्तरखानावरचे कण बोटाने टिपत होती.

"बघा ना, आंटी," सकीना म्हणाली, "ती उर्दू तर तिला येते. इंग्रजीत उद्या डॉक्टर म्हणेल एक आणि ती ऐकेल दुसरं."

"आज फोन करून बदलता येईल."

"नाही म्हटलं की जागा पुढच्या नंबरला जाते."

"मग पुढच्या वर्षी."

"मे बी," ती म्हणाली. मी शिक्षिका आहे. मुलं मे बी कधी म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

तरीही मी गोष्ट सांगितली. जुळवून ठेवलेली वाक्यं आठवली नाहीत, जशी आली तशी सांगितली. एसटीचा स्टँड, आईची टोपली, हॉस्टेल, ईचा तुरा. सकीना हसली, तुऱ्यापाशी तर मोकळेपणी हसली. मग तिने विचारलं, "पहिल्या आठवड्यात त्या चुकीच्या गाडीत बसल्या, त्या दिवशी टोपलीतल्या भाजीचं काय झालं?"

"सुकली. दुसऱ्या दिवशी गुरांना घातली."

"माझ्या टोपलीत बाबांची औषधं आहेत, आंटी."

आईचं धाडस मी सगळ्यांना सांगत आले, पण त्या एका चुकीची किंमत भाजीएवढीच होती म्हणून ते धाडस परवडलं, हे मला कुणी इतकं सरळ दाखवलं नव्हतं. पदवीधर होऊन इतकी वर्षं झाली, पण हा हिशेब मी कधी मांडला नव्हता.

निघताना आम्ही दारात उभ्या राहिलो आणि माझ्या जिभेवर शब्द येईना. येते म्हणायची सोय नव्हती. जाते म्हणायला जीभ वळत नव्हती. शेवटी मी नुसते हात जोडले. नेकबख्तने माझा नंबर सकीनाच्या फोनमध्ये घालायला लावला, आणि मला मिठी मारली. पाट मागे पडले, पुन्हा पिवळं गवत सुरू झालं, तेव्हा गाडीत फ्लोरी म्हणाली, "मी होते ना तिथे. मीही ऐकलं, तू आती हूँ म्हणालीस. मलाही काही खटकलं नाही."

पुढचे दिवस मी समुद्राकाठचे कडे पाहिले, पाठीवर पिल्लू घेतलेली कोआला पाहिली, डॅरेनबरोबर क्रिकेटच्या मैदानावर गेले. सगळं पाहण्यासारखंच होतं. वसईत परतल्यावर लोकांनी विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं. कांगारू केवढा असतो, रस्ते किती रुंद, पाव किती लांब. अफगाण लोक कसे आहेत, असंही एकाने विचारलं. चांगले आहेत, मी म्हटलं, पाहुण्याचं फार करतात. ह्या उत्तरात खोटं काही नव्हतं, आणि तेवढंच सांगून थांबल्याची लाज मला होती. एखाद्या देशात जाऊन आपण काय पाहिलं ते सांगणं सोपं. आपण तिथे गेल्याने एका घरात काय बदललं, ते प्रवासाला जाणारा सहसा सांगत नाही, कारण बहुतेकदा त्याला ते कळतच नाही. मला कळलं.

ईस्टर झाल्यावर मी शेपरटनला फोन केला. सकीनाने उचलला. शेडमधलं काम संपलं होतं, आता ती एका सुपरमार्केटमध्ये लागली होती. बाबांची पाठ तशीच. मम्मी बरी आहे, वाफ्यात टोमॅटो होते, संपले. मम्मीचा वर्ग? "सध्या जात नाही," सकीना म्हणाली.

"उन को फ़ोन दो ना," मी म्हटलं.

पलीकडे नेकबख्तचा आवाज आला, त्यांच्या भाषेत. मला ओळखू आला, शब्द कळले नाहीत. मग सकीना म्हणाली, "मम्मी कहती हैं, आप मुझ से कहिए. मैं ठीक से बता दूँगी."

मी हळू आणि साफ, वर्गात सांगायचे तसं सांगितलं: तिला सांग, त्या दिवशी तू अगदी बरोबर ऐकलंस, बोलणाऱ्या बाईला बोलता आलं नाही, तुझ्या उर्दूत काही खोट नाही, तुझ्याशी मला उर्दूतच बोलायचं आहे, आणि वर्ग सोडू नकोस.

सकीना "जी, आंटी" म्हणाली. मग मी फोन कानाला धरून ऐकत राहिले. ती आईला काहीतरी म्हणाली. फार थोडंसं. मी सांगितलं होतं त्यापेक्षा बरंच थोडं.